पहिल्या पाच जणी : संघनिवडीच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

विषय मंजूर झाला. तृतीय वर्ष सांख्यिकीचा प्रकल्प म्हणून आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममधून पहिल्या पाच जणी, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला उतरणाऱ्या, निवडायच्या. मॅडमना आधी वाटत होतं, यात सांख्यिकी ती कितीशी! मी त्यांच्यासमोरच हिशोब मांडला. बारा जणींतून पाच निवडायच्या तर ७९२ वेगवेगळ्या टीम होतात. एकेका टीमला नुसती दहा-दहा मिनिटं खेळवून बघायचं म्हटलं तरी ७,९२० मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांचे १९८ सामने. आमच्या वाट्याला वर्षभरात पाच-सहा सामने आले तरी पुष्कळ. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "मग काय मोजायचं नाही ते आधी ठरव."

दोन वर्षं मी टीमची स्कोअरर आहे. स्वतः खेळत नाही, पण या मुलींच्या प्रत्येक सामन्याचं पान माझ्या हातून भरलं गेलंय. आमचे प्रशिक्षक सर पहिल्या पाच जणी नजरेने निवडतात आणि त्यांची नजर चांगली आहे. तरी गेल्या वर्षी जे तीन सामने हरलो, त्या तिन्हींत पहिल्या क्वार्टरलाच मागे पडलो आणि उरलेली तीस मिनिटं ती तूट भरून काढण्यात गेली. शेवटच्या सामन्यानंतर परतीच्या एसटीत सर म्हणाले होते, "सुरुवात चुकतेय पोरींनो, पण नेमकी कुठे ते मला दिसत नाहीये." सरांच्या तोंडून असं ऐकायची आम्हाला सवय नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा प्रकल्प.

वहीत कुणाचंही नाव लिहायचं नाही, फक्त जर्सीचा नंबर. आमच्या जर्सी अजून जुन्या पद्धतीच्या आहेत, ४ ते १५, म्हणजे बरोबर बारा. १, २, ३ पूर्वी कुणी घालत नसे, कारण पंच बोटांनी गुण दाखवतात आणि तीन सेकंदांचा नियम मोडल्याची खूणही बोटांनीच करतात; त्यात खेळाडूच्या नंबराचा घोळ नको.

११ जुलै, शुक्रवार

रत्नागिरीत चार दिवस उघडीप नाही. आमचं कोर्ट उघड्यावर, सिमेंटचं. जांभ्याच्या गडग्याकडची बाजू उताराची असल्याने तिथे पाणी साचतं आणि आठवड्याभरात शेवाळ धरतं. शिपाईकाका ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतात, पण आज त्यांनीच आम्हाला आत जाऊ दिलं नाही. "पाय मोडून घेऊ नका गो." सभागृहात शहाबादी फरशीवर नुसतं ड्रिबल आणि पासिंग झालं. तिथे रिंग नाही.

रिकामा वेळ होता म्हणून गेल्या वर्षीच्या स्कोअरशीट काढून बसले. एका सामन्याच्या पहिल्या क्वार्टरला समोरच्यांचा रकाना सरळ खाली उतरत गेलाय आणि आमच्या रकान्यात बराच वेळ एक रेघ नाही. पान माझ्याच हातचं, अक्षर माझंच, आणि तरीही आमचे गुण का झाले नाहीत हे त्यावरून सांगता येत नाही. अधिकृत स्कोअरशीटवर गुण असतात, फाउल असतात, टाइमआउट असतात. चेंडू कुणाच्या हातून गेला, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत उसळलेला चेंडू) कुणी घेतला, यातलं काही नसतं. शॉट चुकले म्हणून शून्य की शॉटपर्यंत पोचलोच नाही म्हणून शून्य? दोन्हींचा इलाज वेगळा.

तेव्हा स्वतःचं पान आखायला घेतलं. चेंडू आपल्या हातात आल्यापासून तो जाईपर्यंतची एक चाल, आणि प्रत्येक चालीला एक ओळ. ओळीत एवढंच: मैदानात कोण पाच जणी, चेंडू वर कुणी आणला, शेवट कसा झाला (शॉट, फाउल की चेंडू गेला), आणि गेला असेल तर कुणाच्या हातून व कशामुळे.

१९ जुलै, शनिवार

थोडं वाचन. अमेरिकेतले डीन ऑलिव्हर यांनी सामना जिंकण्यामागची चार कारणं सांगितली आणि त्यांना अंदाजे वजनं दिली. शॉट किती चांगले बसतात याला ४० टक्के, चेंडू किती वेळा हातचा जातो याला २५, आपल्याच चुकलेल्या शॉटचा रिबाउंड आपल्याला परत किती मिळतो याला २०, आणि फ्री थ्रोला (फाउलमुळे मिळणाऱ्या मोकळ्या शॉटना) १५.

शॉटचा हिशोब साध्या टक्केवारीने करायचा नाही, थ्री पॉइंटर बसला की तो दीड धरायचा. एकीने दहा शॉटमध्ये चार टू पॉइंटर टाकले आणि दुसरीने दहात तीन थ्री पॉइंटर टाकले, तर नुसत्या टक्केवारीत ४० विरुद्ध ३०. पण पहिलीचे गुण ८ आणि दुसरीचे ९. दीडपटीने मोजलं की ४० विरुद्ध ४५ आणि चित्र उलटतं. आमच्या ७ नंबरवर अन्याय होऊ नये म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून टाकायची हिंमत टीममध्ये तिच्या एकटीत आहे.

ही वजनं मात्र आहेत तशी उचलणार नाही. ती तिकडच्या व्यावसायिक सामन्यांवरून आलेली आहेत, जिथे मैदानावरच्या पाचही जणांना चेंडू सांभाळता येतो. आमच्याकडे समोरच्या टीमने पूर्ण कोर्टभर प्रेस लावला, म्हणजे चेंडू वर आणतानाच अंगावर येऊन अडवायला घेतलं, की ४ नंबरशिवाय कुणाच्याही हातात चेंडू जाताना बघून माझ्या पोटात गोळा येतो. माझा अंदाज असा की आमच्या पातळीवर दुसऱ्या कारणाचं वजन पहिल्याला जाऊन भिडत असेल. मोजल्यावर कळेल.

२६ जुलै, शनिवार

दोन दिवस ऊन पडलं, कोर्ट घासून झालं आणि पहिली खरी मोजणी झाली. अकरावी-बारावीच्या मुलांना समोर उभं करून सरांनी त्यांना पहिल्या सेकंदापासून प्रेस लावायला सांगितला. ४० चाली लिहिल्या. त्यातल्या १५ चालींत शॉटच नाही, चेंडू आधीच गेला.

हे १५ पाहून मला वाईट वाटलं, पण पुढचा रकाना बघितल्यावर जागीच थांबले. ४ नंबरच्या हातून चेंडू फक्त तीनदा गेला. तीनदा आठ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडता आलं नाही. उरलेल्या नऊ वेळा क्रम एकच आहे: ४ नंबर चेंडू वर आणते, दोघं तिच्यावर धावून येतात, ती मोकळ्या मुलीला पास देते, आणि त्या मोकळ्या मुलीच्या हातून पुढे चेंडू जातो. म्हणजे गळती पहिल्या हातात नाही, दुसऱ्या हातात आहे. दोन वर्षं मी हे टेबलाशी बसून बघतेय आणि मला कायम वाटायचं की ४ नंबर दडपणाखाली चुकते.

दुसऱ्या हाताकडे जवळून बघायचं म्हणून शेवटची दहा मिनिटं बेसलाइनच्या कोपऱ्यात जाऊन बसले. ७ नंबरला पास आला की तिची मान आधी रिंगकडे वळते. शूटरची सवय आहे ती, वाईट नाही. पण त्या एका क्षणात डाव्या बाजूने दुसरा मुलगा येऊन पोचतो, आणि मग ती चेंडू डोक्यावर धरून जागा शोधत राहते. ११ नंबरचं वेगळं. ती गेल्या वर्षीपर्यंत खो-खो खेळायची. पास घेताना तिचे दोन्ही गुडघे वाकलेले, वजन पंजांवर, आणि चेंडू हातात पडायच्या आधीच तिने मागे कोण आहे ते बघून ठेवलेलं. खो-खोत पळणारीला हेच करावं लागतं, पाय पुढे आणि नजर पाठीवर. मुलगा अंगावर आला की ती खांबाला वळसा घालावा तशी त्याच्या बाजूने निघते. शॉट मात्र तिला नाही. आज प्रॅक्टिसनंतर मोजले, जवळून ५० पैकी १४.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पावसाळी मासेमारीबंदी काल संपली. ११ नंबरचे वडील मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर तांडेल (नौकेचे प्रमुख) आहेत. आता सकाळी तिला आईबरोबर जेटीवर जावं लागेल. सरांनी एका शब्दानेही कुरकुर न करता प्रॅक्टिस संध्याकाळी साडेचारला घेतली.

९ ऑगस्ट, शनिवार

आज एक चुकीची वाट धरली होती, ती नोंदवून ठेवते.

प्लस-मायनस नावाचं एक माप आहे. खेळाडू मैदानात असताना आपल्या टीमचे गुण वजा समोरच्यांचे गुण. दिसायला अगदी न्याय्य, कारण स्क्रीन लावणारी (सोबतिणीसाठी समोरचीची वाट अडवून उभी राहणारी), बचावात धावणारी, जिच्या नावावर गुण लागत नाहीत अशी मुलगीही त्यात मोजली जाते. दोन आठवड्यांच्या सराव सामन्यांवरून यादी काढली तर १० नंबर सगळ्यांच्या वर आली, अधिक १२. मी आनंदाने सरांना दाखवायला निघाले होते. जिन्यात थांबून पुन्हा ओळी बघितल्या. १० नंबर जेवढी मिनिटं खेळली, त्यातली जवळजवळ सगळी ४ नंबरबरोबर. ४ नंबर बसली त्या थोड्या वेळात १० नंबर वजा ५. ते बारा गुण कुणाचे होते हे मग उघड आहे. १० नंबर गुणी मुलगी आहे, पण हा आकडा तिचा नव्हे.

मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, एवढ्या थोड्या मिनिटांत पाच-पाच जणींचे गट मोजू नकोस, जोड्या मोज. बाराजणींच्या जोड्या ६६ होतात, ७९२ पुढे काहीच नाही. आणि त्याहून बरं म्हणजे चौघी त्याच ठेवून पाचवी तेवढी बदल.

सर चौघींबद्दल ठाम आहेत आणि माझ्या वहीचंही त्यांच्याशी भांडण नाही: ४ (पॉइंट गार्ड, चेंडू वर आणणारी), ९ आणि १३ (फॉरवर्ड), १५ (सेंटर, रिंगखाली खेळणारी). चौघी धरल्या की उरतात फक्त आठ टीम. त्यातल्याही चारच खऱ्या उमेदवार: ६, ७, १०, ११. प्रत्येकीला या चौघींबरोबर सहा मिनिटं, समोर तीच मुलं, तोच प्रेस. एका दिवशी ६, ७, १०, ११ या क्रमाने आणि दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने. उलट अशासाठी की समोरची मुलं शेवटी दमतात आणि शेवटी येणारीला फुकटचा फायदा मिळतो.

१७ ऑगस्ट, रविवार

दोन्ही दिवसांची मोजणी झाली. ६ आणि १० मध्ये फरक सांगण्यासारखा नाही. ७ आणि ११ मध्ये आहे, आणि तो माझ्या आवडीच्या बाजूने नाही. ७ नंबरचा शॉट बघायला मला मनापासून आवडतं. चेंडू सुटल्यावर तिचं मनगट वाकलेलं तसंच वर राहतं, आणि बसला की जाळीचा फक्त सप् असा आवाज येतो.

आकडे गोळाबेरीज करून लिहिते. ७ नंबर असताना दर दहा चालींत चार वेळा चेंडू शॉटआधीच गेला. ११ नंबर असताना दोन वेळा. टीम म्हणून शॉट बसण्याचं प्रमाण ७ असताना ४० टक्के, ११ असताना ३५. आता दहा चालींचा हिशोब:

७ असताना शॉट सहा. ६ × ०.४० × २ = ४.८ गुण.
११ असताना शॉट आठ. ८ × ०.३५ × २ = ५.६ गुण.

टीमचा नेम वाईट होऊनही गुण जास्त. आणि यात दुसरी बाजू धरलेलीच नाही. आपल्या अर्ध्यात चेंडू हिसकावला गेला की समोरचीला रिंगखाली मोकळा ले-अप मिळतो. चुकलेल्या शॉटनंतर आपल्याला परत फिरून बचाव लावायला वेळ असतो, हिसकावलेल्या चेंडूनंतर नसतो. एक चेंडू जाणं म्हणजे आपला एक शॉट कमी आणि त्यांचा एक सोपा शॉट जास्त.

७ नंबरच्या न्यायासाठी दोन गोष्टी. एक, तिचे थ्री पॉइंटर मी वर दोनच गुणांचे धरलेत. दोन दिवसांत प्रेस चालू असताना तिने टाकलेल्यांतला एकच बसला, त्याने ४.८ चा आकडा किंचित वर जाईल, पण ५.६ ला पोचत नाही. दोन, प्रत्येकीच्या वाट्याला वीस-बावीस चालीच आल्या. एवढ्या थोड्यांत चार आणि दोन यांतला फरक नशिबानेही पडू शकतो. मॅडम हे विचारणारच. माझं उत्तर असं की आकडा लहान आहे, पण त्यामागचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते दर वेळी तेच आहे.

फ्री थ्रोही आज उरकले. उभं राहून निवांत टाकलेले मोजण्यात अर्थ नाही, म्हणून आधी दोन सुसाइड (कोर्टाच्या एकेका रेषेपर्यंत जाऊन-येऊन जोरात धावणं) धावायच्या आणि धापा टाकतच ४.६ मीटरवरून दोन टाकायचे, असे पाच फेरे. ७ नंबर दहापैकी आठ. १५ नंबर दहापैकी तीन. शेवटच्या दोन मिनिटांत १५ नंबर मैदानात असेल तर समोरच्या टीम मुद्दाम तिलाच फाउल करतील. याचा विचार पुढे करायचा आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सरांपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळ्यात जास्त गुण करणारी पोर बाकावर बसवून सुरुवात करायची म्हणतेस."

मी एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, २०१५ ची अंतिम मालिका सांगितली. गोल्डन स्टेट वॉरिअर्स १-२ ने मागे होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट यांना बसवलं आणि आंद्रे इगुओडाला यांना सुरुवातीला उतरवलं. त्या हंगामातल्या साखळी सामन्यांत इगुओडाला एकदाही पहिल्या पाचात नव्हते. वॉरिअर्सनी सलग तीन सामने जिंकून मालिका ४-२ ने घेतली आणि मालिकेतले सर्वोत्तम खेळाडू इगुओडालाच ठरले. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की ती कल्पना निक युरेन या सहायकाची होती. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनिओ स्पर्सनी टियागो स्प्लिटर यांच्या जागी बोरिस डियॉ यांना सुरुवातीला उतरवलं होतं, ते चित्रीकरण बघताना त्याला हे सुचलं. बाजूला बसून बघणाऱ्या माणसाला कधीकधी दिसतं.

सरांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी स्वतःचं उदाहरण काढलं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. सर मूळचे खो-खोचे. तिथे पळणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी आत जातात. "पहिली तुकडी पाठवताना मी कोण छान दिसतं ते नव्हतो बघत. समोरचे ताजे असतात, त्यांच्या पायात दम असतो. तेव्हा टिकणारी पोरं पाठवायची. ते दमले की मग आपला चपळ गडी." आणि मग वहीवर बोट ठेवून, "तुझं म्हणणं हेच आहे ना?"

हेच. मी तीन आठवडे आकड्यांत जे मांडत होते ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. प्रेस लावायला पाय लागतात. कोणतीच कॉलेज टीम तो चाळीस मिनिटं लावू शकत नाही. पाच-सहा मिनिटांत त्यांच्या गार्ड दमतात किंवा त्यांच्यावर दोन-दोन फाउल होतात. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो द्यावे लागतात म्हणून त्या हात आखडता घेतात. त्या वेळी ७ नंबर आत आली पाहिजे, जेव्हा पास मिळाल्यावर तिला रिंगकडे बघायला एक क्षण मिळेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. आजपासून प्रॅक्टिस बंद, गौरी-गणपती जाईपर्यंत कुणी येणार नाही आणि येऊही नये. घरोघरी चाकरमानी पोचतायत. वही बॅगेत ठेवली.

८ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा सुरुवात. मोदकांमुळे सगळ्यांचा दम गेलाय, पहिल्या दोन सुसाइडमध्येच कळलं.

सरांनी ७ नंबरला प्रॅक्टिसनंतर थांबवून घेतलं आणि मलाही वही घेऊन थांबायला सांगितलं. मला ते नको होतं. सरांनी लपवाछपवी केली नाही, पान तिच्या हातात दिलं. तिने सगळं वाचलं. तिची पहिली शंका आकड्यांबद्दल होती: "मुलं दमलेली असताना मोजलंस का?" उलट क्रमाने दुसरा दिवस घेतल्याचं मी दाखवलं. मग ती म्हणाली, "आजी दर वेळी फोनवर विचारते, पहिल्या पाचात आहेस ना? आता काय सांगू?"

सर पटकन बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आजीला सांग, शेवटच्या पाचात आहे. आणि खरंच आहेस. शेवटची चार मिनिटं तू बाहेर असणार नाहीस, हा माझा शब्द." मी तिला मनू जिनोबिली यांचं सांगितलं. अर्जेंटिनाला २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवून देणारा हा खेळाडू स्पर्ससाठी वर्षानुवर्षं बाकावरून यायचा, आणि २००८ मध्ये एनबीएचा सहाव्या खेळाडूचा, म्हणजे बाकावरून येणाऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा, पुरस्कारही त्याला मिळाला. ती ऐकत होती, पण तिचे डोळे भरलेले होते. पहिल्या पाचात नाव पुकारलं जाणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या कुठल्याच रकान्यात तिला जागा नव्हती, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं.

ती घरी गेली. सात वाजता तिचा मेसेज: उद्यापासून मला तो दुसरा पास शिकव म्हणून ११ ला सांग.

१३ सप्टेंबर, शनिवार

अंतिम यादी.

सुरुवात: ४, ११, ९, १३, १५.
शेवट: ४, ७, ९, १३, १२.

शेवटाला १५ ऐवजी १२, ते फ्री थ्रोमुळे. १२ बुटकी आहे, पण धापा टाकताना दहापैकी सात टाकते.

७ नंबर पाचव्या-सहाव्या मिनिटाला, ११ च्या जागी. समोरच्यांनी प्रेस लावलाच नाही तर त्याआधीही. सरांनी बचावाचा एक बदल सुचवला तो मला फार आवडला. ११ आणि १३ या दोघींना त्यांनी कबड्डीतल्या डाव्या-उजव्या कोपऱ्यासारखं उभं केलं, मधल्या मुलीने एका बाजूला दाबायचं आणि कोपऱ्याने झडप घालायची. १३ शाळेत कबड्डी खेळायची, तिला एका वाक्यात समजलं.

२० सप्टेंबर, शनिवार

चिपळूण. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची विभागीय फेरी. पहाटे साडेपाचला निघालो, हातखंब्यापर्यंत सगळ्या झोपलेल्या.

सामन्याआधी निदान दहा मिनिटं प्रशिक्षकाने स्कोअरशीटवर आपल्या पाच जणींच्या नंबरापुढे बारीक फुली करून सही करायची असते. आज मी टेबलाशी नव्हते, आपल्या बाकावर वही घेऊन होते, पण सर फुल्या करायला गेले तेव्हा मागे जाऊन उभी राहिले. ४, ९, ११, १३, १५. ११ च्या पुढे पेन किंचित थांबलं असं मला वाटलं. जंप बॉल (सामना सुरू करायला पंचांनी चेंडू वर उडवणं) झाला आणि टेबलावरच्या स्कोअररने एकेका फुलीभोवती गोल केला.

त्यांनी पहिल्याच बास्केटनंतर प्रेस लावला. ४ कडून ११ कडे, ११ ने गिरकी घेतली, मधल्या रेषेवर ९ मोकळी. चेंडू पलीकडे. बाकावर ७ नंबर सगळ्यात मोठ्याने ओरडली.

मग आमची योजना मोडली. चौथ्या मिनिटाला १५ नंबरवर दुसरा फाउल लागला. पाच झाले की मुलगी बाहेर, तेव्हा सरांनी तिला लगेच काढलं आणि १२ आत गेली. रिबाउंड त्यांच्याकडे जाऊ लागले. सातव्या मिनिटाला ७ आत. क्वार्टर संपला तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे. दोन वर्षांत पहिल्या क्वार्टरनंतर आम्ही पुढे आहोत असं पान मी बघितलं नव्हतं.

तो सामना जिंकलो. शेवटची चार मिनिटं ७ मैदानात होती, सरांनी शब्द पाळला. दुपारचा सामना चार गुणांनी हरलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापनेची सुट्टी नाही, कॉलेज चालू. दोन्ही सामन्यांच्या चाली मांडल्या. पहिल्या क्वार्टरमध्ये शॉटआधी चेंडू जाण्याचं प्रमाण दोन्ही वेळा दहाला दोनच्या आसपास राहिलं, प्रॅक्टिसमध्ये होतं तेवढंच. दुसऱ्या सामन्यात हरलो ते रिबाउंडवर. त्यांच्या चुकलेल्या शॉटचे चेंडू त्यांनाच परत मिळत राहिले आणि १५ नंबर पुन्हा फाउलमुळे बाकावर होती.

ही चूक माझी. पाचवी कोण या प्रश्नाच्या मी इतकी मागे लागले की सेंटर बदलली तर काय होतं हे एकदाही मोजलं नाही. १२ ला शेवटाच्या यादीत घातलं ते केवळ फ्री थ्रो बघून. चौघी ठाम आहेत असं धरून चालले, आणि त्यातल्या एकीवर सुरुवातीलाच दोन फाउल होतात हे जुन्या स्कोअरशीटवर लिहिलेलं होतं. फाउलचा रकाना तर त्यावर असतोच. गेल्या वर्षीच्या पाचपैकी तीन सामन्यांत १५ नंबरचा दुसरा फाउल पहिल्याच क्वार्टरमध्ये आहे. पुढच्या मोजणीत आधी सेंटरची अदलाबदल, १५, १२ आणि १४, त्याच पद्धतीने, उलट क्रमासकट. प्रकल्पाचा अहवाल द्यायला अजून अवधी आहे.

संध्याकाळी कोर्टावर दोघीच होत्या. ११ रिंगसमोर उभी आणि ७ तिच्यासाठी रिबाउंड घेऊन चेंडू परत देत होती, मनगट कसं सोडायचं ते दर दोन शॉटनंतर दाखवत. मला बघून ७ म्हणाली, "बस गो, मोज." बसले. ५० पैकी १९.